बोअरचं पाणी अन् हीटरचा रॉड : कॉईल का जळते, पांढरा थर कसा काढायचा, शॉक कसा टाळायचा

दिवाळी सरली आणि रब्बीची पेरणी उरकली की तालुक्याच्या बाजारात इलेक्ट्रिकच्या दुकानासमोर एक गिऱ्हाईक हमखास दिसतं. हातात पांढरा पडलेला हीटरचा रॉड आणि तोंडात एकच वाक्य, "मागच्याच साली नेला होता, जळाला." दुकानदार म्हणतो पाणी खराब, गिऱ्हाईक म्हणतं माल हलका. बऱ्याच वेळा दोघंही थोडे थोडे बरोबर असतात. पण रॉड जळण्यामागचं मोठं कारण आपण तो वापरतो कसा, यात आहे. आणि रॉड जळाला तर एका रॉडचे पैसे जातात, रॉड फुटला आणि ते कळलं नाही तर माणूस जातो. म्हणून हा विषय जरा सविस्तर लिहितोय.

आत असतं काय?

रॉड म्हणजे बाहेरून दिसते ती धातूची वेटोळी नळी. पण तापते ती नळी नव्हे, तिच्या आत बारीक स्प्रिंगसारखी तार असते, ती तापते. ही तार निकेल आणि क्रोमियम या दोन धातूंच्या मिश्रणाची, तिला नायक्रोम म्हणतात. हिच्यातून वीज जाताना अडखळते, त्यामुळे ती लालभडक होते, पण लोखंडासारखी गंजून लगेच झडत नाही. तारेच्या आणि नळीच्या मध्ये पांढरी भुकटी गच्च ठोकून भरलेली असते. ती मॅग्नेशियम ऑक्साईडची. या भुकटीचा गुण असा की ती उष्णता बाहेर जाऊ देते, पण वीज जाऊ देत नाही. म्हणजे तुमच्या बादलीतलं पाणी आणि फेजची तार यांच्यामध्ये फक्त ही भुकटी आणि वरची पातळ नळी उभी आहे.

नळीला एक बारीक चीर गेली, पाणी आत शिरलं आणि ती भुकटी ओली झाली की तिचा वीज अडवायचा गुण गेला. रॉड पाणी तापवत राहतो, पण सोबत पाण्यात करंटही उतरतो. रॉड चालू आहे म्हणजे तो चांगला आहे, असं समजू नका.

पांढरा थर येतो कुठून?

आपल्याकडं बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा. बोअरचं पाणी या खडकाच्या भेगांतून मुरत येतं आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून आणतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे पाण्याची कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी असं आहे. आता आपल्या गावच्या बोअरची कठीणता किती हे पाणी तपासून घेतल्याशिवाय आकड्यात कळणार नाही, पण अंदाज घरीच येतो. साबणाला फेस येत नाही, डोकं धुतलं तर केस राठ होतात, चहाच्या पातेल्याला आतून पांढरी पुटं चढतात, नळाच्या तोटीला खडा धरतो. असं असेल तर पाणी जड आहे.

थंड पाण्यात हे क्षार विरघळलेले असतात, डोळ्याला दिसत नाहीत. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साईड वायू निघून जातो आणि विरघळलेल्या क्षाराचा चुना होतो. मग तो जिथं सगळ्यात जास्त गरम आहे तिथं जाऊन चिकटतो. बादलीत सगळ्यात गरम काय? रॉड. म्हणून बादली स्वच्छ राहते आणि रॉड चुना लावल्यासारखा पांढरा होतो.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. रॉडवर थर चढला की लाईट बिल दुप्पट येतं, असं बरेच जण सांगतात. बुडवायच्या रॉडच्या बाबतीत ते खरं नाही. रॉडने ओढलेली वीज उष्णता होऊन शेवटी त्याच पाण्यात जाते, थर असला तरी जाते. नुकसान वेगळं आहे. थर हा उष्णतेला अडवतो. त्यामुळे पाण्यापर्यंत तेवढीच उष्णता पोहोचवायला आतली तार आणि नळी आधीपेक्षा जास्त तापावी लागते. अंगावर घोंगडी पांघरून उन्हात काम केल्यासारखं ते आहे. रोज असं जास्त तापून तापून एक दिवस तार तुटते, नाहीतर नळीला चीर जाते. तार तुटली तर नशीब समजा, रॉड नुसता बंद पडतो. चीर गेली तर शॉक.

विसण घालायची सवय रॉडला महाग पडते

आपल्याकडं पद्धत अशी की पाणी आधी कढत करायचं आणि मग अंघोळीच्या वेळी त्यात विसण घालायचं. चुलीवर किंवा बंबात हे ठीक होतं. रॉडला मात्र ही पद्धत मारते. कारण पाणी जितकं जास्त तापेल तितका चुना जास्त सुटतो. साठ अंशांच्या पुढं तर तो झपाट्याने बसायला लागतो. अर्धी बादली उकळून विसण घालण्यापेक्षा बादली भरून घ्या आणि अंगाला सोसेल एवढंच तापवा. वीज दोन्हीकडं जवळपास तेवढीच लागते, पण थर कितीतरी कमी धरतो.

विजेचा हिशोबही इथंच सांगतो. २० लिटरची बादली, पाणी २० अंश, ते ४५ अंशांवर न्यायचं, तर साधारण ०.५८ युनिट लागतं. हवेत थोडी उष्णता जाते ती धरून ०.६५ म्हणा. १५०० वॅटच्या रॉडला यासाठी पंचवीस मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. घरात चार माणसं, चार बादल्या, म्हणजे दिवसाला अडीच युनिट आणि महिन्याला ७५ युनिट नुसते अंघोळीचे. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटच्या पुढं दर चढतो. हिवाळ्यात बिल का उडी मारतं ते यात आलं. बिलाचा दोष मीटरला देण्याआधी रॉड किती वेळ बादलीत पडून असतो ते बघा.

डीपीवर लोड आला की

सकाळी सहा-साडेसहाला सगळ्या गावाचे रॉड एकदम लागतात, त्यात कुणाची पाण्याची मोटर चालू. मग व्होल्टेज बसतं. २३० च्या जागी १८० मिळालं तर रॉडची ताकद काही १८० च्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून जास्त कमी होते. १५०० वॅटचा रॉड ९२० वॅटच्या आसपास चालतो. जी बादली तेवीस मिनिटांत तापायची तिला अडतीस मिनिटं लागतात. रॉडला यात काही धोका नाही, फक्त वेळ जातो.

धोका उलट बाजूला आहे. रात्री उशिरा किंवा पहाटे लोड नसताना काही गावांत व्होल्टेज २५०-२६० वर चढतं. २६० ला तोच रॉड १९०० वॅटच्या पुढं जातो. आधीच थर चढलेला रॉड असेल तर अशा वेळी तो जातोच. वायरही गरम होते, बोर्डातून जळका वास येतो. पहाटे चारला उठून बादली लावणारांनी बल्ब नेहमीपेक्षा जास्त फटफटीत दिसतोय का तेवढं बघावं. असेल तर थोडं थांबलेलं बरं.

नवा रॉड घेताना आणि पहिल्यांदा लावताना

बाजारात रस्त्याच्या कडेला दोन पिनांचे हलके रॉड मिळतात. ते घेऊच नका, अर्ध्या किमतीत मिळाले तरी. रॉडला तीन पिनांचा टॉप हवा, त्यातली वरची जाड पिन अर्थिंगची. दोन पिनांच्या रॉडमध्ये करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला वाट नाही, तो तुमच्या अंगातूनच वाट काढणार.

रॉडवर आयएसआयचा शिक्का बघा. बुडवायच्या वॉटर हीटरसाठी भारतीय मानक आहे, त्याचा नंबर आयएस ३६८. शिक्क्याच्या वर हा नंबर आणि खाली कंपनीचा लायसन नंबर असतो. शिक्का काय, कुणीही छापतो. म्हणून मोबाईलवर 'बीआयएस केअर' नावाचं सरकारी ॲप घ्या, त्यात तो लायसन नंबर टाका. कुठल्या कंपनीचा, कुठल्या मालासाठी, चालू आहे की संपला, सगळं समोर येतं. दुकानात उभं राहून दोन मिनिटांचं काम आहे. दुकानदार कुरकुरला तरी करा.

किती वॅटचा घ्यायचा? घरात साधी वायरिंग आणि ६ ॲम्पिअरचा छोटा सॉकेट असेल तर १००० वॅटच्या वर जाऊ नका. १५०० वॅटचा रॉड साडेसहा ॲम्पिअर ओढतो आणि २००० वॅटचा पावणेनऊ. त्याला १६ ॲम्पिअरचा मोठा सॉकेट आणि बोर्डापर्यंत जाड वायर पाहिजे. छोट्या सॉकेटला कन्व्हर्टर पिन लावून मोठा रॉड चालवणं, किंवा टीव्हीच्या एक्स्टेन्शनवर लावणं, हे आग लावायचे धंदे आहेत. टॉपची पिन काळी पडली, टॉप हाताला चटका देतो, तर सॉकेट ढिला झालाय. रॉड बदलून तिथं काही होणार नाही, सॉकेट बदला.

नवा रॉड घरी आणला की आधी त्याच्यावरचं प्लॅस्टिक, चिकटपट्टी पूर्ण काढा. ओल्या फडक्याने नळी पुसा, कारखान्यातलं तेल-ग्रीस असतं. रॉडवर पाण्याच्या पातळीच्या खुणा असतात, त्या आधीच नीट बघून ठेवा. खालच्या खुणेच्या वर पाणी असलंच पाहिजे आणि वरच्या खुणेच्या वर ते जाता कामा नये. पहिली बादली तापवून अंघोळीला न घेता फरशी पुसायला वापरा. थोडा वास येतो, दुसऱ्या बादलीला जातो.

रॉडने तापवलेलं पाणी स्वयंपाकाला किंवा प्यायला वापरू नये असं माझं मत आहे. नळीवर निकेलचा मुलामा असतो, तो उडालेला असतो, वर क्षार, त्यात कुणी ॲसिडने घासलेला. अंघोळीपुरताच तो ठेवावा.

रोज लावायची रीत

आधी बादलीत पाणी. मग बादलीवर कोरडी लाकडी काठी आडवी ठेवून तिला रॉड अडकवा, असा की तो तळाला आणि कडेला टेकणार नाही. मग टॉप लावा. मग बटण. काढताना बरोबर उलटं. आधी बटण बंद, मग टॉप ओढून बाहेर, मग रॉड.

नुसतं बटण बंद करून पाण्यात हात घालू नका. गावाकडच्या वायरिंगमध्ये कित्येक बोर्डांत बटण फेजवर नसून न्यूट्रलवर जोडलेलं असतं. अशा बोर्डाचं बटण बंद केलं तरी रॉडमध्ये फेज तशीच उभी असते. टॉप बाहेर निघाला, तेव्हाच रॉड मेला असं धरा.

टॉप काढल्यावर रॉड दोन-तीन मिनिटं पाण्यातच राहू द्या. लगेच बाहेर काढला तर नळी अजून तापलेली असते, तिच्यावरचं पाणी फर्रकन उडतं आणि त्यातला क्षार तिथंच भाजून पक्का बसतो. रोजचा हा एवढासा थर, पण चार महिन्यांत त्याची खपली होते. शिवाय तापलेला रॉड गार फरशीवर ठेवला की नळीला ताण बसतो ते वेगळंच. दोन मिनिटांनी काढा, फडक्याने पुसा आणि खिळ्याला टांगा. आमच्याकडं न्हाणीच्या कोपऱ्यात ओल्या फरशीवर टाकतात, ते बरं नाही. डोक्याचा काळा भाग ओलाव्याने आतून खराब होतो.

कोरडा रॉड चुकूनही चालू करू नका. पाण्याबाहेर तो काही सेकंदांत लाल होतो आणि मिनिटभरात संपतो. लाईट गेली म्हणून रॉड बाहेर काढून ठेवला, टॉप तसाच, बटण चालू, आणि लाईट आली. आगीचं हे ठरलेलं कारण आहे. लाईट गेली की आधी टॉप काढायचा.

बादली कुठली? प्लॅस्टिकची बादली करंट वाहून नेत नाही, म्हणून ती त्यातल्या त्यात बरी, पण पाणी तेवढंच धोकादायक. रॉड कडेला टेकला तर प्लॅस्टिक वितळतं. पत्र्याची किंवा स्टीलची बादली, तांब्याचं घंगाळ यात रॉड खराब असेल तर भांडंच्या भांडं करंटचं होतं, नुसता हात लागला तरी बसतो. आणि काहीही असलं तरी रॉड लावलेली बादली लहान पोरांच्या हाताला येईल अशी ठेवू नका, न्हाणीचं दार ओढून कडी लावा. पोरगं पाणी तापलं का बघायला बोट घालतंच.

थर काढायचा कसा?

खपली दिसली की आपला हात आधी विळ्याकडं नाहीतर दगडाकडं जातो. ठोकून थर निघतो खरा, पण नळीला पोचा जातो, मुलामा खरवडतो, आणि पुढच्या वेळी क्षार त्या खरखरीत जागेवर आणखी घट्ट धरतो. काही जण संडास धुवायचं ॲसिड वापरतात. त्याने थर दोन मिनिटांत जातो आणि सोबत नळीचा धातूही खातो. बंद न्हाणीत त्याचा धूर छातीला लागतो. हे दोन्ही प्रकार सोडा.

चुन्यावर आंबट चालतं. किराणा दुकानात लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, पुडीत मिळतं. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व विरघळवा. अरुंद उंच भांडं घ्या, म्हणजे कमी पाण्यात रॉड बुडेल. प्लॅस्टिकचा मोठा डबा चालतो. त्यात रॉडची फक्त नळी बुडवा, काळं डोकं आणि वायर कोरडी बाहेर राहू द्या. टॉप अर्थातच बोर्डापासून लांब. लगेच बुडबुडे यायला लागतात, तो कार्बन डायऑक्साईड. म्हणजे जो वायू निघून चुना बसला होता, तोच आता परत निघतोय. बुडबुडे थांबले की थर विरघळला किंवा आंबट संपलं. तास-दोन तासांत पातळ थर साफ होतो. जाड असेल तर पाणी ओतून नवीन करा आणि परत बुडवा. मग भांडी घासायच्या मऊ काथ्याने पुसा, दोनदा साध्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या.

लिंबूसत्व नसेल तर व्हिनेगर निम्मं पाणी घालून चालतं. चिंचेचा कोळही चालतो, वेळ जास्त लागतो. तांब्याचा बंब आपल्या आया-आज्या चिंचेनेच घासायच्या. लिंबाच्या हंगामात पिळून उरलेली सालं नळीवर चोळली तरी पातळ थर निघून जातो.

एक गोष्ट बजावून सांगतो. आंबट पाण्यात रॉड ठेवून, लवकर व्हावं म्हणून, वीज चालू करू नका. पाणी गरमच हवं असेल तर चुलीवर तापवून आणा.

किती दिवसांनी करायचं? पाणी किती जड त्यावर आहे. जड बोअरच्या पाण्याला पंधरा दिवसांनी एकदा केलं तर थर कधी जमतच नाही. धरणाच्या नळाचं पाणी असेल तर हिवाळ्यात दोनदा पुरे. थर नखाने जाणवण्याइतका झाला की करायचं, एवढं साधं लक्षात ठेवा.

शेगडीची उघडी कॉईल

गॅस संपला की बाहेर निघणारी मातीच्या ताटलीची शेगडी अजून बऱ्याच घरांत आहे. तिच्यातली स्प्रिंग म्हणजे तीच नायक्रोम तार, फक्त इथं ती उघडी आहे. ही कॉईल दुकानात गुंडाळी करून मिळते आणि घरी ओढून बसवावी लागते. चूक इथंच होते. एक टोक धरून खसकन ओढली की काही वेटोळी लांब होतात, काही जवळच राहतात. जवळची वेटोळी एकमेकांना तापवतात, तिथं जास्त लाल ठिपका दिसतो आणि तिथंच कॉईल तुटते. म्हणून आधी ताटलीतल्या खाचेची लांबी सुतळीने मोजा. कॉईलची दोन्ही टोकं धरून हळूहळू सारखी ओढा, सुतळीपेक्षा जराशी कमी. सोडल्यावर थोडी आखडते ते गृहीत धरा. खाचेत बसवल्यावर कुठंही दोन वेटोळी एकमेकांना टेकायला नकोत. टोकं स्क्रूखाली दोनदा गुंडाळून घट्ट आवळा, ढिलं राहिलं की ठिणगी.

पहिल्यांदा चालू केल्यावर भांडं न ठेवता पाच मिनिटं तापू द्या. सगळीकडं सारखी लाल होते का बघा. या पहिल्या तापण्यात तारेवर ऑक्साईडची पातळ काळपट साय धरते, तीच पुढं तारेला जपते. एकदा तापलेली नायक्रोम मात्र ठिसूळ होते, म्हणून जुनी कॉईल परत ओढायला जाऊ नका, कटकन मोडते.

तुटलेली कॉईल जोडून वापरणं सर्रास चालतं. तुटलेला तुकडा टाकून उरलेली जोडली की तार आखूड झाली, म्हणजे ती जास्त करंट ओढणार, जास्त तापणार. आज चांगली लाल दिसते आणि आठवड्यात परत तुटते. सोबत वायरवर लोड वाढतो. एकदा आड-अडचणीला ठीक, नंतर नवीनच घाला, ती काही महाग नसते.

दूध उतू गेलं की कॉईल धुवायची नाही. टॉप काढा, गार होऊ द्या, कोरड्या ब्रशने जळकं खरवडा. मीठ-आमटी सांडली तर तारेला लवकर खातं. आणि या शेगडीवर जर्मनचं किंवा स्टीलचं भांडं कॉईलला टेकलं की भांड्यात करंट येतो. मी तर म्हणतो, आता बंद कॉईलची शेगडी घ्यावी आणि ही उघडी माळ्यावर टाकावी.

अर्थिंग आणि आरसीसीबी

घरात एमसीबी बसवली म्हणजे शॉक बसणार नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. एमसीबी जास्त लोड आणि शॉर्टसर्किटला पडते. ती वायर वाचवते, माणसाला नाही. माणूस जायला फार थोडा करंट पुरतो, एमसीबीला तो कळतही नाही. माणसासाठी आरसीसीबी नावाचं वेगळं यंत्र मिळतं, ३० मिलिॲम्पिअरचं घ्यायचं. जेवढा करंट गेला तेवढा परत आला नाही, कुठंतरी गळतोय, हे कळलं की ते क्षणात वीज तोडतं. त्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघा, पडलं पाहिजे.

अर्थिंग सोबत पाहिजेच. घर बांधताना ठोकलेली अर्थिंगची पाईप बऱ्याच ठिकाणी आता नुसती शोभेला आहे, वायर गंजून तुटलेली, माती कोरडी ठक्क. जोड घट्ट करा आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जा. वायरमन कधी घरी आला तर त्याच्याकडून तीन गोष्टी बघून घ्या : बटण फेजवर आहे का, सॉकेटच्या अर्थ पिनला खरंच अर्थिंग येते का, आणि रॉडच्या नळीत करंट उतरतो का. सिरीज दिव्याने तो लगेच सांगेल.

कुणाला शॉक बसलाच तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडाने त्याला वायरपासून लांब ढकला. श्वास बंद असेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. शुद्धीवर आला, बरं वाटतंय म्हणाला, तरी दवाखान्यात न्याच. शॉकनंतर हृदयाचे ठोके मागाहून बिघडू शकतात.

गीझर आणि सोलर

गीझरमध्येही हाच रॉड आत असतो आणि तोच थर. तापमान ५० ते ५५ वर ठेवलं तर थर कमी धरतो. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, ती स्वतः झिजून टाकी वाचवते. जड पाण्याला ती वर्ष-दोन वर्षांत संपते. सर्व्हिसिंगला माणूस आला की ती बघायला सांगा, तो स्वतःहून सांगेलच असं नाही. सोलरच्या काचेच्या नळ्यांतही क्षार साचतो, पावसाळ्याआधी एकदा टाकी खालून उघडून पाणी वाहू द्यावं.

टाकून कधी द्यायचा?

नळीवर फुगवटा आला, बारीक चीर दिसली, कुठं हिरवा-काळा डाग पडून खड्डा झाला, डोक्याचा काळा भाग तडकला, वायरचं आवरण टोपाजवळ कडक होऊन फाटलं, किंवा पाण्यात बोटाला कधी नुसत्या मुंग्या आल्या, तर तो रॉड त्याच दिवशी संपला. दुरुस्त करून आणू नका, आतली ओली भुकटी कुणाला दुरुस्त करता येत नाही. आणि भंगारवाल्याला देण्याआधी त्याची वायर डोक्यापासून पकडीने कापून टाका, म्हणजे तो रॉड दुसऱ्या कुणाच्या घरी जाऊन परत सॉकेटला लागणार नाही.